मालदीवमध्ये इंग्रजी शिकवता शिकवता डिस्टन्सने एम.ए. : दीड वर्ष वापरल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, कारण बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं. परदेशात शाळेत शिकवत असताना डिस्टन्सने पोस्ट ग्रॅज्युएशन होतं का, तर होतं. आणि इंग्रजीच शिकवत असाल तर नक्की करा, कारण संध्याकाळी वाचलेलं दुसऱ्या दिवशी वर्गात वापरून बघता येतं, जे कॉलेजात बसून रेग्युलर एम.ए. करणाऱ्याला सहसा मिळत नाही. फक्त विद्यापीठ निवडताना फी आणि नाव नंतर बघा, सगळ्यात पहिलं बघा परीक्षा कुठे आणि कशी होते ते. माझा सगळा फायदा अभ्यासातून आलाय आणि जवळपास सगळा त्रास परीक्षेतून.

मी देवगड तालुक्यातली, बी.ए. इंग्लिश, बी.एड., आणि नंतर कणकवलीकडे एका शाळेत तासिका तत्त्वावर. ज्यांनी तासिकेवर काढलंय त्यांना पुढचं सांगायला नको. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आखातात जाणारी माणसं घरटी सापडतील, पण शिक्षक म्हणून मालदीवला जाणारे कमी, तिथे केरळ आणि तमिळनाडूचे शिक्षक खूप आहेत आणि शाळांमध्ये बरेचसे विषय इंग्रजीतून चालतात त्यामुळे बाहेरचे शिक्षक लागतात. मी राजधानी मालेत नाही, लांबच्या एका छोट्या बेटावर आहे, चौथी ते सातवीला इंग्रजी. एम.ए.ला नाव घातलं ते तिथे गेल्यावर पहिल्याच वर्षी, भारतातल्या एका सरकारी विद्यापीठात. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि ओळखीतल्या दुसऱ्या विद्यापीठांच्या मुलांच्याही त्याच तक्रारी आहेत.

वेळ किती लागतो हे प्रॉस्पेक्टस नीट वाचलं तर कळतं पण ते कोणी वाचत नाही. दूरशिक्षणात 1 क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास धरतात. माझा कोर्स 80 क्रेडिटचा, म्हणजे 2400 तास, दोन वर्षांत बसवायचे म्हटले तर आठवड्याला साधारण 23 तास. शाळा, वह्या तपासणं, लेसन प्लॅन, स्वतःचं जेवणखाण हे सगळं सांभाळून 23 तास माझ्याच्याने तरी होत नाहीत, आणि होत नाहीत म्हणून वाईट वाटून घ्यायचंही कारण नाही, कारण बहुतेक विद्यापीठं दोन वर्षांचा कोर्स पूर्ण करायला चारेक वर्षं देतात. मी पहिल्यापासून तीन वर्षांचा हिशोब मांडला आणि त्यामुळे माझी झोप शाबूत राहिली. घरच्यांना मात्र हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर दर फोनला आई विचारते, "अजून किती शिकतलंस गो बाय?"

आता अभ्यासाबद्दल, हा भाग मला मनापासून लिहायचाय. माझ्या कोर्समध्ये साहित्याचे पेपर आहेतच पण भाषाविज्ञान आणि इंग्रजी अध्यापन हे पेपर मी निवडून घेतले आणि त्यांनी माझं शिकवणं बदललं. उदाहरण देते. माझ्या पाचवीतली मुलं आधी 'कॅच'चा भूतकाळ 'कॉट' बरोबर लिहायची, बाबांनी मासे पकडले वगैरे, बेटावर सगळे निबंध मासेमारीवर येतात. मग भूतकाळाचा नियम शिकवल्यावर तीच मुलं 'कॅच्ड' लिहायला लागली. मला वाटलं मुलं मागे चालली. त्याच सुमाराला एरर ॲनालिसिसचं, म्हणजे शिकणाऱ्याच्या चुकांच्या अभ्यासाचं युनिट वाचत होते. भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये मांडलं की शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे तो मनात भाषेचे नियम कसे बांधतोय याचा पुरावा, आणि 1972 मध्ये लॅरी सेलिंकर यांनी त्या अर्ध्या वाटेवरच्या भाषेला 'इंटरलँग्वेज' असं नाव दिलं. म्हणजे 'कॅच्ड' लिहिणाऱ्या मुलाला नियम सापडलाय, आधीचं 'कॉट' त्याने फक्त पाठ केलेलं होतं! हे कळल्यावर मी त्या वह्यांवर लाल पेनाने गोल करणं थांबवलं, अपवादाची क्रियापदं गोष्टीतून परत परत कानावर घालत राहिले, आणि काही आठवड्यांत 'कॉट' परत आलं, ह्या वेळी समजून.

मुलांची मातृभाषा दिवेही, आपल्या मराठीसारखीच इंडो-आर्यन, क्रियापद शेवटी येतं. लिपी थाना, ती उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे बारकी मुलं इंग्रजी वही कधीकधी शेवटच्या पानापासून सुरू करतात. इंग्रजीतलं 'द' आणि 'अ' कुठे लावायचं हे त्यांना जितकं अवघड जातं तितकंच आपल्याकडच्या मराठी माध्यमाच्या मुलांना जातं. भाषाविज्ञानाचा पेपर केल्यावर हे सगळं एकाच धाग्यात दिसायला लागलं आणि मराठी शाळेतून आलेली असणं वर्गात माझ्या उपयोगी पडतं हे लक्षात आलं.

दुसरं म्हणजे टास्क, म्हणजे काम देऊन भाषा शिकवणं. एन. एस. प्रभू यांचा बंगळूर प्रकल्प, 1979 ते 1984, दक्षिण भारतातल्या साध्या शाळांमध्ये व्याकरण न घोकवता नकाशे, वेळापत्रकं अशी कामं देऊन इंग्रजी शिकवायचा प्रयोग. आज जगभर टास्क बेस्ड म्हणून जे शिकवतात त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या प्रयोगांपैकी हा एक, आणि तो आपल्या इथला, आपल्यासारख्या भरगच्च वर्गांतला, हे बी.एड.ला असताना मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तो वाचला आणि दुसऱ्याच आठवड्यात मुलांना फेरीबोटीचं वेळापत्रक दिलं. प्रश्न एकच, आजीला घेऊन मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात जायचंय आणि त्याच दिवशी परत यायचंय, कोणत्या दिवशी जमेल? शुक्रवारी फेरी नसते, परतीची बोट दुपारी लवकर सुटते, मुलं तावातावाने भांडत होती आणि इंग्रजीत भांडत होती. मे महिन्यात गावी आले तेव्हा वाडीतल्या मुलांना घेऊन हेच देवगड डेपोच्या एसटीच्या वेळापत्रकावर केलं, तेवढंच रंगलं. ह्या एका युनिटसाठी मी अख्खी फी परत भरेन.

स्टडी मटेरियलचं म्हणाल तर छापील पुस्तकं भारतातल्या पत्त्यावरच येतात. माझी देवगडला घरी आली आणि बाबांनी कपाटात नीट लावून ठेवलीत. बेटावर मी टॅबवर पीडीएफ वाचते. कमी पडलं तर इग्नू ह्या मुक्त विद्यापीठाचं ई-ज्ञानकोश हे ऑनलाइन भांडार सगळ्यांना फुकट उघडं आहे, ई-पीजी पाठशाळेतही इंग्रजीचे पेपर चांगले लिहिलेत, स्वयम ह्या सरकारी पोर्टलवर कोर्स आहेत. विद्यापीठ कुठलंही असो हे तिन्ही धरून चला. नेट असेल तेव्हा सगळं डाउनलोड करून ठेवायचं, ही सवय मला आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या लाईट जाण्याने आधीच लावलेली.

काउन्सेलिंगचे, म्हणजे शिकवण्याचे ऑनलाइन तास शनिवार-रविवारी असतात. मालदीवमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवार आणि रविवारी शाळा भरते. म्हणजे रविवारचे तास हातचे गेलेच. वेळेचा फरक अर्ध्याच तासाचा आहे पण वाराचा फरक भारी पडतो, आखातात जाणाऱ्यांनी पण हे बघा, तिथेही बऱ्याच देशांत रविवार कामाचा असतो. रेकॉर्डिंग मिळतं का हे ॲडमिशनआधी विचारा. माझ्याकडे काही विषयांचं मिळतं, काहींचं नाही.

असाइनमेंट हाताने लिहून, स्कॅन करून, अपलोड. हाताने का असा प्रश्न पडतो पण लिहिताना विषय पक्का होतो हे मी मान्य करते, परीक्षेत तीन तास लिहायचा हात पण राहतो. 30 टक्के मार्क ह्याचे आणि 70 टक्के परीक्षेचे. मला खटकतं ते हे की तपासलेल्या असाइनमेंटवर शेरा काहीच नसतो, फक्त मार्क. मी वर्गात चाळीस शब्दांच्या निबंधालाही दोन ओळी लिहून देते, मग एम.ए.च्या विद्यार्थ्याला तेवढं मिळू नये का? एका पेपरचे असाइनमेंटचे मार्क तर पोर्टलवर चढायलाच एक अख्खं सत्र गेलं. मेलला उत्तर येत नाही, शेवटी मावसभाऊ प्रादेशिक केंद्रात जाऊन अर्ज देऊन आला तेव्हा काम झालं. भारतात आपलं असं एक माणूस लागतंच, ते आधीच ठरवून ठेवा.

आणि आता परीक्षा. माझ्या विद्यापीठाची परीक्षा जून आणि डिसेंबरला, भारतातल्या केंद्रावर, पेन-कागदावर. मला जूनला केंद्र मिळालं कोल्हापूर. मालेहून मुंबई विमानाने तीनेक तास, तिथून रात्रीची कोकण रेल्वे, कणकवलीला उतरून देवगडला घरी, आणि मग पेपरासाठी वैभववाडीवरून घाट चढून कोल्हापूर. जूनच्या मध्याला रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या हळू चालवतात, दरड आली तर त्याहून उशीर, करूळ घाट बंद असला तर भुईबावड्यातून फिरून जावं लागतं. पहिल्या पेपराच्या आदल्या दिवशीच कोल्हापुरात मुक्कामाला गेले ते बरंच केलं, त्या दिवशी घाटात पुढचं काही दिसत नव्हतं असा पाऊस होता. पेपर सलग नसतात, महिनाभर पसरलेले असतात, आणि एवढी रजा कुठली शाळा देणार. म्हणून मी जूनला थोडेच पेपर घेतले, बाकी डिसेंबरला ढकलले. वर्षभराची फी एकीकडे आणि विमानाची तिकिटं दुसरीकडे ठेवली तर तिकिटंच जास्त भरतात. स्वस्त कोर्स म्हणताना हा खर्च कोणी धरत नाही.

म्हणून सांगते, ॲडमिशनच्या वेळी 'ओडीएल' (पुस्तकं आणि केंद्रं असलेलं दूरशिक्षण) आणि 'ऑनलाइन' हे दोन प्रकार वेगळे आहेत हे लक्षात घ्या. ऑनलाइन प्रकारात काही विद्यापीठं घरबसल्या कॅमेऱ्यासमोर परीक्षा घेतात, काही तरीही केंद्रावर बोलावतात. लेखी विचारा. काहींची परदेशात केंद्रं असतात पण मग फी डॉलरमध्ये लागू शकते. माझ्या शाळेतली केरळची एक टीचर ब्रिटनच्या विद्यापीठातून डिस्टन्सने टेसॉलमध्ये (इतर भाषिकांना इंग्रजी शिकवण्याचा विषय) एम.ए. करतेय. तिकडे मास्टर्स 180 क्रेडिटचं, त्यांचा 1 क्रेडिट 10 तासांचा, म्हणजे 1800 तास, आणि तिला परीक्षा हॉल नाहीच, सगळे मोठे निबंध आणि शेवटी प्रबंध. 60 क्रेडिटवर सर्टिफिकेट, 120 वर डिप्लोमा घेऊन थांबता पण येतं. तिच्या निबंधांवर दोन-दोन पानं शेरे येतात, ते मी वाचलेत आणि मला हेवा वाटला. पण फी लाखांत आहे आणि ती तिच्या नवऱ्याच्या आणि तिच्या मिळून दोन पगारांतून जाते. माझ्या एकटीच्या पगारातून गावाकडे पैसे पाठवून ते जमलं नसतं, त्यामुळे माझ्यासाठी भारतातलाच कोर्स बरोबर होता हे माझं मत कायम आहे.

कागदपत्रांचं थोडं. 2024 पासून डिस्टन्स आणि ऑनलाइन ॲडमिशनला एबीसी आयडी (क्रेडिट जमा ठेवायच्या खात्याचा नंबर) आणि डीईबी आयडी (विद्यापीठ अनुदान आयोग म्हणजे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा नंबर) लागतो, आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतात, म्हणून भारतातलं सिम चालू ठेवा, रिचार्ज संपू देऊ नका. विद्यापीठाला त्या वर्षी त्या कोर्ससाठी यूजीसीची मान्यता आहे का ते यूजीसीच्या डीईबीच्या साईटवर स्वतः बघा, एजंटच्या शब्दावर नको. मान्यता असेल तर ही डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची धरतात, प्राध्यापकीसाठीच्या नेट-सेट परीक्षांना पण चालते, फक्त खुल्या गटाला 55 टक्के लागतात म्हणून नुसतं पास होण्यावर समाधान मानू नका. मालदीवमध्ये बाहेरची डिग्री तिथल्या क्वालिफिकेशन्स ऑथॉरिटीकडून मान्य करून घ्यावी लागते, तेव्हा पगारवाढीसाठी एम.ए. करत असाल तर डिस्टन्सची डिग्री कशी धरतील हे शाळेच्या ऑफिसला ॲडमिशनच्या आधी विचारा. आणि परत येऊन इथे शाळेत लागायचं असेल तर बी.एड. आणि टीईटीला एम.ए. हा पर्याय नाही, ते वेगळं करावंच लागतं.

जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा ॲडमिशन असते. कोकणातून जाणाऱ्यांना मी जानेवारी सुचवेन, आधी परदेशातल्या शाळेत एक टर्म काढा, कामाचा अंदाज घ्या, नेट कसं आहे बघा, मग फॉर्म भरा. पेपर निवडताना पहिल्या वर्षीच अध्यापनाचा आणि भाषेचा पेपर घ्या, साहित्याचे नंतर केले तरी चालतात, पण हे दोन जितके लवकर वाचाल तितकी जास्त वर्षं तुमच्या वर्गातल्या मुलांना त्याचा उपयोग होईल. देवगड, मालवण, वेंगुर्ल्याकडचं कोणी जायच्या तयारीत असेल तर माझी छापील पुस्तकं घरी आहेत, पेपर झालेत त्यांची खुशाल घेऊन जा, बाबांना सांगून ठेवलंय.