बस्ता कुठे बांधावा: कापड पेठ की विश्रामबाग?

आमच्या घरात दोन बस्ते बांधून झाले. थोरलीचा सांगली-मिरज रस्त्यावर विश्रामबागेच्या बाजूला एका मोठ्या शोरूममध्ये, धाकटीचा सांगलीच्या कापड पेठेत. यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे, त्यांच्यासाठी दोन्हीकडचा अनुभव सांगतो.

सोय पाहाल तर विश्रामबाग. गाडी लावायला जागा, लिफ्ट, एसी, नवरदेवाच्या शेरवानीपासून पोराटोरांच्या कपड्यांपर्यंत सगळं एकाच इमारतीत. मिरज-कुपवाडहून येणाऱ्या विहीणबाईंनाही गावात शिरायला नको. पेठेत चारचाकी नेण्याच्या फंदात पडू नका. आम्ही लांब लावून चालत गेलो आणि गुडघे दुखणाऱ्या आत्याबाईंना रिक्षानं आणलं.

2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, पेठेतल्या दुकानांत पाणी शिरलं. 2021 ला पुन्हा तीच धास्ती. त्यामुळे व्यापार मिरज रस्त्याकडे सरकत गेला, तर त्यात कुणाला दोष देता येत नाही.

भावाचं म्हणाल, तर शालूत फार फरक जाणवला नाही. आहेराच्या साड्या, टॉवेल-टोप्या, इचलकरंजीच्या धोतरजोड्या मात्र आम्हाला पेठेत स्वस्त पडल्या असं वाटतं. तिथं गठ्ठ्यानं घेतलं की बोलणी करता येतात. शोरूमवाले चिठ्ठीवरच्या आकड्याखाली आले नाहीत.

पण माझं मन फिरलं ते एका शालूपायी. थोरलीला वांगी रंग हवा होता. तिसऱ्या मजल्यावर, चारी बाजूंनी बंद काचा, डोक्यावर पांढरेशुभ्र दिवे. त्या उजेडात शालू अगदी वांगी दिसत होता. सौ. म्हणाली, एकदा उन्हात बघू या. तिथला मुलगा नम्रपणे म्हणाला, "काकू, बिल झाल्याशिवाय माल खाली नेता येत नाही." त्यांचा नियम असेल, मान्य आहे. आम्ही घेतला. परकर, बांगड्या, सगळं वांगी जुळवलं. लग्नाच्या दिवशी मांडवातल्या उन्हात शालू चक्क आमसुली निघाला. पोरगी काही बोलली नाही. आजही अल्बम उघडला की मला पहिल्यांदा तेच दिसतं.

धाकटीच्या वेळी पेठेत गादीवर बसलो. चहा आला, घड्या उलगडत गेल्या. सौ.नं एका शालूवर नुसतं बोट ठेवलं, तर दुकानदार स्वतः उठले, पदर हातावर घेऊन उंबऱ्याबाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, इथं या, खरा रंग इथं कळतो." तीन शालू त्यांनी असे बाहेर नेले. तिसरा घेतला.

लग्नानंतर आहेराच्या सात साड्या उरल्या. घडी मोडली नव्हती. पंधरा दिवसांनी नेल्या, तर त्यांनी वहीत पाहून बदलून दिल्या. सगळेच दुकानदार असं करतील असं नाही, तेव्हा बस्ता बांधतानाच विचारून ठेवा.

तुमच्याकडे म्हातारी माणसं जास्त असतील किंवा एकाच दिवसात सगळं उरकायचं असेल, तर विश्रामबागेला जायला माझी ना नाही. तरी नवरीचा शालू तेवढा पेठेत पाहा. आणि दुपारी चारच्या आत जा, ऊन उतरायच्या आधी.