जुनं आणि नवं एकाच मैफलीत: समूहगायनाचं कोणतं तिकीट काढावं?

लंडनमध्ये किंवा युरोपातल्या दुसऱ्या एखाद्या मोठ्या शहरात राहत असाल, तर चर्चमधल्या मैफलींच्या जाहिरातींत एक जोडी वारंवार दिसेल. सोळाव्या-सतराव्या शतकातला एक रचनाकार आणि त्याच्या शेजारी आपल्या काळातला एक: पॅलेस्ट्रिना आणि मॅकमिलन, टॅलिस आणि पॅर्ट. तिकिटं स्वस्त नसतात, म्हणून निवड विचारपूर्वक करावी. ही नावं किती मोठी आहेत यापेक्षा ती एकमेकांना कशाने बांधली आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पहिल्यांदाच जाणार असाल, तर एकच शब्द जुन्या आणि नव्या अशा दोन्ही चालींत गाणारा कार्यक्रम निवडा. याचं उत्तम उदाहरण म्हणजे 'मिझेरेरे', अर्थात बायबलमधलं 51वं स्तोत्र. पाप कबूल करून दयेची याचना करणारे हे शब्द ग्रेगोरिओ अलेग्रीने सतराव्या शतकात व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपेलसाठी बांधले. त्यात दोन गायकगट आळीपाळीने गातात आणि मध्ये साध्या एकसुरी पठणाच्या ओळी येतात. ज्या उंच तारस्वरासाठी लोक ही रचना ऐकायला जातात, तो मूळ अलेग्रीचा नाही, नंतरच्या काळात शिरलेला आहे. तरी तो आला की अंगावर काटा येतोच. स्कॉटिश रचनाकार जेम्स मॅकमिलनने याच शब्दांना 2009 मध्ये 'द सिक्स्टीन' या गायकवृंदासाठी नवी चाल दिली. अलेग्री ठरलेल्या क्रमाने तेच स्वर पुन्हा पुन्हा आणतो आणि त्या पुनरावृत्तीतून शांतता उभी राहते. मॅकमिलनकडे तीच याचना कधी कुजबुजते, कधी फुटून बाहेर येते. लॅटिन कळत नसलं तरी फरक पडत नाही, कारण शब्द तेच असल्याने कान आपोआप तुलना करू लागतात. 'द सिक्स्टीन'ने 2013 च्या दौऱ्यात या दोन्ही रचना पॅलेस्ट्रिनासोबत एकाच कार्यक्रमात गायल्या होत्या. अशी आखणी दिसली तर तिकीट काढाच.

एस्टोनियाच्या आर्वो पॅर्टचा कार्यक्रम वेगळा. इथे जुन्या-नव्याचं नातं रचनेच्या पद्धतीत असतं. सोव्हिएत काळात तो काही वर्षं जवळपास गप्प होता. त्या काळात त्याने ग्रेगोरियन पठण (चर्चमधलं जुनं एकसुरी गायन) आणि जुनं बहुस्वरी संगीत, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या सुरावटी गाणारं संगीत, अभ्यासलं, आणि 1976 पासून स्वतःची पद्धत वापरायला लागला. एक आवाज पायरीपायरीने शेजारच्या स्वरांवर चालतो, दुसरा सा, ग, प या तीनच स्वरांत फिरतो, आणि ग बहुतेकदा कोमल. नियम इतका साधा, तरी दोघांमधले ताण सतत बदलत राहतात. एरवी जुन्याच संगीताला वाहिलेल्या 'टॅलिस स्कॉलर्स' या गायकवृंदाने 2015 मध्ये पॅर्टचा आख्खा अल्बम काढला, तो या नात्यामुळेच. पॅर्टसाठी जागा मात्र नीट बघा. दगडी भिंतींचं, उंच छताचं चर्च हवं, जिथे स्वर थांबल्यावरही घुमत राहतो. गालिचे अंथरलेल्या कोरड्या सभागृहात हे संगीत अर्धं मरतं. ते द्रुत लयीकडे चढत जाईल अशी वाट पाहू नका, ते चढत नाही. संयम नसेल तर हे पहिलं तिकीट नव्हे.

मराठी कानाला सगळ्यात जवळचा वाटेल तो जॉन टॅव्हनर, असं माझं ठाम मत आहे. हा इंग्रज रचनाकार 1977 मध्ये ऑर्थोडॉक्स या पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथात गेला आणि त्या पंथाच्या बायझंटाइन गायनातला 'आयसॉन' त्याने आपल्या संगीतात आणला. आयसॉन म्हणजे खाली अखंड धरून ठेवलेला एक स्वर, आपल्या तानपुऱ्याच्या षड्जासारखा. त्याच्यावर सुरावट फिरते आणि परत तिथेच येते. लंडनच्या टेंपल चर्चमध्ये 2003 साली सादर झालेली त्याची 'द व्हेइल ऑफ द टेंपल' (मंदिराचा पडदा) ही रचना सुमारे सात तासांची, रात्रभर चालणारी. तिच्यात ख्रिस्ती प्रार्थनांबरोबर उपनिषदांनाही जागा आहे. रात्र जागवून भजन ऐकलेल्याला हे अवघड जाणार नाही. मैफलीसाठी तिची छोटी आवृत्तीही आहे. मात्र टॅव्हनरच्या नावाखाली फक्त 'द लॅम्ब' आणि 1997 मध्ये डायनाच्या अंत्यविधीत गायलेलं 'साँग फॉर अथीन' एवढंच असेल, तर तो टॅव्हनरचा कार्यक्रम समजू नका. दोन्ही सुंदर आहेत, पण काही मिनिटांत संपतात.

खिसा रिकामा असेल तर इंग्लंडमधल्या अँग्लिकन कॅथेड्रलमधली संध्याकाळची प्रार्थना, 'इव्हनसाँग', सहसा विनाशुल्क असते. तिथेही शतकांपूर्वीच्या रचनेशेजारी कालपरवाची रचना येऊ शकते. पण ती उपासना आहे, टाळ्या वाजवायच्या नाहीत.

तिकीट काढण्याआधी संकेतस्थळावर पूर्ण क्रमपत्रिका वाचा. पहिल्या भागात सगळं जुनं, मध्यंतरानंतर सगळं नवं आणि दोहोंत शब्दाचा, सुरावटीचा किंवा सणाचा धागा नाही, अशी आखणी असेल तर मी जाणार नाही. जुनी आणि नवी रचना मध्ये टाळ्या न घेता सलग गाणार असतील, तर मागच्या रांगेतली स्वस्त खुर्चीसुद्धा चालेल. घुमणाऱ्या चर्चमध्ये मागे आवाज अनेकदा अधिक मिसळून येतो.