पूर्ण पानांचा हिरवा चहा: कपात किती कामाचा, चोथ्यात किती

पाकिटावर ‘मन शांत करणारा’ असं ठसठशीत छापलेलं असतं. यातलं निम्मं खरं मानायला हरकत नाही. चहाच्या पानात थिॲनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. जपानमध्ये १९४९-५० च्या सुमारास ते ग्योकुरो नावाच्या हिरव्या चहातून वेगळं काढलं गेलं. ग्योकुरोची झाडं तोडणीआधी सावलीत ठेवतात, त्यामुळे पानात थिॲनिन जास्त टिकतं. पण प्रयोगांत सहसा ५० ते २०० मिलिग्रॅम थिॲनिन देतात आणि साध्या कपात त्याचा लहानसा हिस्साच उतरतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तर २०११ मध्ये ताण आणि झोपेबद्दलचे थिॲनिनचे दावे पुराव्याअभावी नाकारले. मग जाणवतं ते काय? कॉफीच्या मानाने कॅफिन बरंच कमी, म्हणून धडधड नाही. वर पाच-दहा मिनिटं बूड टेकून बसणं. औषध म्हणून घेऊ नका, पेय म्हणून जरूर घ्या.

बहुतेकांचा हा चहा बिघडतो तो पाण्यामुळे. उकळतं पाणी थेट ओतलं की कॅटेचिनं, म्हणजे पानातली कडवट द्रव्यं, भराभर उतरतात, चहा कडू होतो आणि मग दोष पाकिटाला लागतो. २०० मिली पाण्याला २ ग्रॅम पत्ती पुरे. पानं फुगीर असल्याने चमच्याचा अंदाज चुकतो, वजनकाटा असेल तर तोच वापरा. पाणी उकळून उघडं ठेवा, ७५ ते ८० अंशांवर आलं की पत्तीवर ओता, झाकण ठेवून दोन मिनिटं मुरू द्या आणि पूर्ण गाळून घ्या. गाळणीतली पत्ती चमच्याने दाबू नका. त्याच पत्तीवर दुसरं पाणी तीन मिनिटं चालतं. संध्याकाळी प्यायचा असेल तर थंड पाण्यातला चहा उत्तम: लिटरभर पाण्यात ८ ग्रॅम पत्ती, फ्रीजमध्ये पाच-सहा तास. थिॲनिन गार पाण्यातही विरघळतं, कॅफिन आणि कडवटपणा मात्र कमी येतो. पहिलं पाणी अर्ध्या मिनिटात फेकलं की कॅफिन निघून जातं, ही समजूत चुकीची. जाते ती मुख्यतः चव. ज्यांची झोप नाजूक आहे त्यांनी रात्री कॅमोमाइल फुलांचा चहा घ्यावा, त्यात कॅफिनच नाही. जेवण किंवा लोहाच्या गोळ्या आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा.

टी-बॅगपेक्षा सुटी पानं आम्हाला सरस वाटतात. पिशवीत बहुधा भुकटी असते, ती मिनिटभरात कडक होते आणि दुसऱ्या पाण्याला काही उरत नाही. शिवाय अनेक पिशव्यांच्या कडा प्लास्टिकने चिकटवलेल्या असतात. त्या खतात कुजत नाहीत.

चोथ्याचे दोनच उपयोग मनापासून सांगण्यासारखे आहेत. पहिला वास शोषण्याचा. चोथा ताटात पातळ पसरून कुरकुरीत होईपर्यंत वाळवा, तीन-चार मोठे चमचे उघड्या वाटीत घालून फ्रीजमध्ये ठेवा, आठवड्याने बदला. ओलसर ठेवला तर बुरशी ठरलेली. पातळ कापडी पुरचुंडी बांधून बुटांत रात्रभर ठेवली तरी फरक पडतो. आंबट वासावर मात्र खायचा सोडाच बरा. पान वास ओढून घेतं म्हणूनच नवं पाकीट मसाल्यांच्या कपाटात ठेवू नये.

दुसरा उपयोग कुंडीत. वाळलेल्या चोथ्यात नायट्रोजन साधारण ४ टक्के, पण तो मातीत हळूहळू सुटतो, तेव्हा खताची जागा चोथा घेणार नाही. मध्यम कुंडीला अर्धी मूठ, वरच्या मातीत नीट मिसळून. नुसता जाड थर टाकला की त्याची खपली धरते, पाणी खाली जात नाही आणि चिलटं येतात. दूध-साखरेच्या चहाचा चोथा आधी दोन पाण्यांनी धुवा, नाहीतर मुंग्या. खताच्या डब्यात टाकताना दुप्पट सुका पाला सोबत हवा.

काच, लाकूड, फरशी चोथ्याने पुसायचा सल्ला सर्रास दिला जातो. संगमरवर, फिकं लाकूड आणि फरशीच्या सांध्यांवर तो मुळीच वापरू नका. टॅनिनचे, म्हणजे चहातल्या तुरट द्रव्याचे, डाग बसतात. याच गुणामुळे सुती कापड चहात रंगवता येतं, पण त्याला कडक काळा चहाच लागतो. हिरव्या चहाचा रंग फिका येतो. रंगवायला किंवा चोथा वाळवायला लोखंडी भांडं घेऊ नका, लोखंड आणि टॅनिन मिळून काळपट करड्या रंगाचे डाग पडतात.