ग्रास कटर, वर्षभर वापरून झाल्यावर: इंजिन उत्तम, टाकीचं डिझाईन मात्र डोक्यात जातं

फोर स्ट्रोक, ३५ सीसी, खांद्याला अडकवायचा साईड पॅक ग्रास कटर. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर घेतला, आता दुसरा पावसाळा आलाय. वजन, पॉवर वगैरे सगळीकडे लिहिलेलं असतं, ते परत लिहीत नाही. कंपनीचं नावही मुद्दाम देत नाहीये, कारण मला जे सांगायचंय ते या साईजच्या बहुतेक सगळ्या पेट्रोल मशीनना लागू आहे, तुमच्याकडे लॉन मोवर असेल तरी.

आमची बाग रत्नागिरीजवळ. हापूस जास्त, थोडा काजू, आणि बरीचशी जागा कातळ. बेणणीला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर सगळ्यांच्या बागांना एकाच वेळी हवी असतात, त्यामुळे मशीन घ्यावंच लागलं. आणि पहिल्या सीझनला ते इतकं छान चाललं की मी दोन नातेवाईकांना घ्यायला लावलं. टू स्ट्रोकसारखं पेट्रोलमध्ये ऑईल मिसळत बसायचं नाही, धूर कमी, आवाज कमी, आणि पेट्रोल खरंच कमी पितं. गणपतीनंतरचं कंबरेएवढं गवत, त्यात लाजाळू आणि रान, सगळं कापलं. तेव्हा कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हणाले असते.

यंदा मे महिन्यात बाहेर काढला तर चालूच होईना. रबरी फुग्याने पेट्रोल वर ओढतच नव्हतं, फुगा दाबला की दाबलेलाच राहायचा. प्लग काढून बघितला, कोरडा ठणठणीत. म्हणजे स्पार्कचा प्रश्नच नाही, पेट्रोलच पोचत नाही. सर्विस सेंटरला नेला. काउंटरवरच्या माणसाने उघडूनही न बघता सांगितलं, मॅडम कार्बोरेटर बदलावा लागेल, २८०० आणि लेबर वेगळं. वॉरंटीत आहे म्हटलं तर म्हणे फ्युएलचा प्रॉब्लेम वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं फ्युएल मी काय घरी बनवलं का, पंपावरचंच घातलं ना. त्यावर म्हणतो, तुम्ही टाकीत पेट्रोल ठेवून दिलंत. आता मशीन घेताना त्यांच्याच दुकानात मला सांगितलेलं की सीझन संपला की टाकी फुल करून ठेवा, रिकामी ठेवलीत तर पाणी धरेल. हा सल्ला लोखंडी टाकीचा आहे हो, जुन्या पंपांच्या टाक्या आतून गंजायच्या म्हणून भरून ठेवायचे. ह्याची टाकी प्लास्टिकची, ती गंजणार कशी? दुकानदारानेच असं सांगायचं आणि सर्विसवाल्याने गिऱ्हाईकाच्या अंगावर ढकलायचं, दोघं एकाच छपराखाली बसून. मशीन तसंच उचलून परत आणलं.

मग गावातल्या बाईकच्या मेकॅनिककडे दिलं. त्याने माझ्यासमोर उघडलं म्हणून हे सगळं कळलं. कार्बोरेटरमध्ये कागदासारखा पातळ रबरी पडदा असतो, डायफ्राम, तो मऊ पाहिजे, तो कडक होऊन वाकडा झालेला. आत पांढरी पूड धरलेली. टाकीतली नळी पिवळी पडून इतकी कडक की वाकवली तशी चिरली. उरलेलं पेट्रोल बाटलीत काढून ठेवलं तर थोड्या वेळाने तळाला वेगळा थर दिसायला लागला. डायफ्रामचं किट, नळी, टाकीतला छोटा फिल्टर, सगळं मिळून साडेपाचशे रुपये, त्याची मजुरी दोनशे. कुठे २८०० आणि कुठे हे. कार्बोरेटर बदलायची काही गरज नव्हती, साफ करून किट टाकलं की झालं.

कारण सरळ आहे. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. २० टक्क्यांचं टार्गेट आधी २०३० चं होतं, ते अलीकडे ओढून २०२५ मध्येच गाठलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि खाली बसतं. टाकीतली नळी पेट्रोल कुठून उचलते? तळातूनच. आणि आमच्या किनाऱ्यावर हवेत पाणी कमी आहे असा एक महिना दाखवा. स्कूटर रोज फिरते, तिच्यातलं पेट्रोल आठवड्यात संपतं म्हणून तिला काही होत नाही. कटर सहा महिने कोपऱ्यात उभा असतो. ऊसवाल्या शेतकऱ्यांचं भलं होत असेल तर मला आनंदच आहे, इथेनॉलशी माझं भांडण नाही. पण माझ्या मशीनच्या पुस्तकात १० टक्क्यांपर्यंत चालेल असं छापलंय आणि पंपावर २० मिळतं, मग ज्या दुकानात हे मशीन विकतात त्यांनी विकताना एक वाक्य सांगायला काय हरकत आहे?

आता टाकी. यावर मी कितीही लिहू शकते. ज्या मशीनमध्ये सीझन संपल्यावर टाकी रिकामी करणं इतकं महत्त्वाचं आहे त्या मशीनला टाकी रिकामी करायची सोयच नाही. खाली बूच नाही, कॉक नाही, काही नाही. उलटा करून ओता म्हणतात. फोर स्ट्रोक आहे, आत ऑईल आहे, भलत्या बाजूला कलंडला तर ऑईल एअर फिल्टरकडे जायची भीती, आणि लांब दांडा लावलेलं धूड उलटं धरायला दोन माणसं लागतात. तोंडाच्या आत कडा आहे, तिथे थोडं पेट्रोल अडकून राहतंच. शेवटी मी मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणली आणि पुढे सलाईनची नळी लावली. टाकी साधारण साडेसहाशे मिलीची, हिशोब करा किती वेळा ओढायचं. शंभर रुपयांच्या फवारणी पंपाला खालून बूच असतं आणि इथे इतके हजार घेऊन नाही. मला बाकी काहीही नको होतं, ना तो मऊ हँडल, ना फुकटचा गॉगल, फक्त एक बूच द्यायला हवं होतं.

टाकी उपसून झाली की तेवढ्यावर थांबू नका. फुगा दाबत राहायचं, नळीतलं पेट्रोल परत टाकीत येतं, तेही काढायचं. मग मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. काढलेलं पेट्रोल ताजं असेल तर स्कूटरमध्ये घाला (टू स्ट्रोकवाल्यांनी नाही, त्यात ऑईल असतं).

बाकीची तयारी पटकन. ऑईल साधारण १०० मिली लागतं, १०डब्ल्यू-३०, काळं झालं की बदला, एवढ्याशा ऑईलमध्ये कंजूषी नको. फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवा. दांड्याच्या खालच्या टोकाला गिअरची डबी असते तिथे एक स्क्रू असतो, तो काढून ग्रीस भरायचं, हे कुणीच करत नाही आणि मग गिअर करकरतो. माझ्याकडे गेल्या वर्षी आलेला कटर त्यात ग्रीस जेमतेम होतं.

ब्लेड की नायलॉन दोरी यावर माझं मत बदललंय. आधी मला ब्लेडच बरं वाटायचं, सपासप कापतं, दोरीचा खर्च नाही. पण कातळावर ब्लेड दगडाला लागलं की दगड गोळीसारखा उडतो, मशीनवर १५ मीटर लांब राहा असं लिहिलंय ते उगाच नाही. आता ब्लेड फक्त जाड रानासाठी, बाकी दोरी. दोरी वर्षभर पडून राहिली की सुकून तुकडे पडतात, ती रात्रभर पाण्यात बुडवून ठेवली की परत लवचिक होते. पण दोरीचाही एक धोका आहे, लहान कलमांच्या बुंध्याशी गेली की साल सोलते, आणि साल सगळीकडून गोल सोलली गेली की ते कलम गेलंच. दोन वर्षं पाणी घालून जगवलेलं कलम एका सेकंदात. म्हणून बुंध्याभोवती हातभर जागा विळ्यानेच काढायची, कितीही घाई असली तरी, आणि कटर चालवणाऱ्या माणसाला हे रोज सांगायचं.

विळे, कोयत्या पण आत्ताच बघून घ्या. धार कानशीने काढा, ग्राइंडरवर नको, पातं निळं पडलं म्हणजे त्याचं पाणी उतरलं, मग कितीही घासा धार टिकत नाही. कुदळीचा दांडा हलत असेल तर पाण्यात बुडवून ठेवू नका, फुगून घट्ट बसतो पण सुकला की पहिल्यापेक्षा सैल होतो. नवी पाचर मारा.

तर घ्यावा का? दोन एकरांच्या वर बाग असेल तर अजूनही हो म्हणेन, नळी-किट बदलल्यापासून गडी पहिल्यासारखा चालतोय आणि इंजिनाबद्दल एक तक्रार नाही. परड्याएवढी जागा असेल तर भाड्याने आणा, सहा महिने सांभाळायची कटकट तरी नाही. नळी आणि डायफ्रामचं एक किट मात्र मशीन घेतानाच जादा घेऊन ठेवा, जूनमध्ये ते कुठल्याच दुकानात मिळत नाही.

आणि कुणी टाकीला खालून भोक पाडून छोटा पितळी कॉक बसवून घेतला असेल तर सांगा, प्लास्टिकला पेट्रोलमध्ये टिकेल असं सील कुठलं लावलं आणि गळतं का. मेकॅनिक तयार आहे, मला नवरात्राच्या आत करून घ्यायचंय.