शनिवारी ह्वांग, रविवारी फॉर्म: सांगलीतला शेअर मार्केट क्लास

विश्रामबागेतल्या एका हॉलमध्ये शनिवार-रविवार शेअर मार्केटचा क्लास केला. फी 1500, चहा दोनदा, दुसरा गार. क्लासचं नाव लिहीत नाही, सर माणूस चांगला आहे.

शनिवारच्या दुपारीच पैसे वसूल झाले. सरांनी अमेरिकेतल्या बिल ह्वांग नावाच्या फंडवाल्याची गोष्ट सांगितली. 2012 मध्ये त्याच्या टायगर एशिया फंडाने अमेरिकेत गुन्हा कबूल केला. गड्याने पुढच्या वर्षी आर्केगॉस नावाची गुंतवणूक कंपनी काढली, बाहेरच्याचा एक डॉलर नाही, सगळा घरचा पैसा. शेअर बँकेने घ्यायचे, याने मार्जिन, म्हणजे अनामत, ठेवायचं, नफा-तोटा याचा. याला स्वॅप म्हणतात. असे करार बऱ्याच बँकांशी, आणि एकीलाही पुरता आकडा ठाऊक नाही. मी यार्डात हळदीच्या अडतीवर 22 वर्षं वही लिहितोय, मला लगेच उमगलं. चार पेढ्यांवर उधारी असलेलं गिऱ्हाईक प्रत्येक वहीत साळसूदच दिसतं.

सरांनी फळ्यावर लिहिलं: स्वतःचे सुमारे 36 अब्ज डॉलर, डाव 160 अब्जांचा. ह्वांगचा मोठा डाव असलेल्या व्हायकॉमसीबीएस या टीव्ही-सिनेमावाल्या कंपनीने 22 मार्च 2021 ला नवे शेअर विकायला काढले, भाव कोसळला, बँका आणखी मार्जिन मागायला लागल्या. शुक्रवारी, 26 तारखेला, त्यांनी मिळेल त्या भावाला माल काढला. क्रेडिट स्विस या स्विस बँकेला साडेपाच अब्जांची खोट बसली. बँकांना थापा मारल्या म्हणून 2024 मध्ये ह्वांगला 18 वर्षं. शेजारी तासगावचे एक द्राक्षवाले होते, ते एवढंच बोलले, "आमची सोसायटी सातबाऱ्यावर बोजा तरी चढवते की."

रविवारी चार्ट. प्रोजेक्टर इतका फिका की मागच्या रांगेला लाल-हिरवं एकच. जेवणानंतर फॉर्म वाटले: ओळखीच्या ब्रोकरकडं मार्जिन खातं, 'चारपटीपर्यंत लिमिट'. मी फॉर्मच्या पाठीमागं भागाकार मांडला. 160 भागिले 36, साडेचारला थोडं कमी. कागद सरांना दाखवला. "काका, ते वेगळं. तुम्ही स्टॉपलॉस लावणार ना!" म्हणजे भाव ठरावीक खाली आला की शेअर आपोआप विकायची ऑर्डर. व्याज किती विचारलं, तर "ॲपवर दिसेल."

5 पैकी 3 स्टार, तिन्ही शनिवारचे. एका दिवसाची फी घेतात का विचारून बघा, मला नाही म्हणाले.