बॉक्सरेक: उसिकची जोड अली-होलिफील्डशी लावायची तर किती कामाचं?

युक्रेनचा मुष्टियोद्धा ओलेक्झांडर उसिक मोठा की जुने हेवीवेट (सर्वात जड वजनगटाचे मुष्टियोद्धे) मोठे, हा वाद पेटला की कुणीतरी मोबाइल काढतं, बॉक्सरेक उघडतं आणि '२४-०' दाखवतं (जुलै २०२५ पर्यंत २४ विजय, शून्य पराभव). समोरचा जुन्या रॉकी मार्सियानोचं '४९-०' दाखवतो. मग दोघंही गप्प बसत नाहीत ते नाहीतच, कारण दोघांनीही वहीचं फक्त कव्हर वाचलेलं असतं.

बॉक्सरेक ही व्यावसायिक मुष्टियुद्धाची नोंदवही. इंग्लंडच्या जॉन शेपर्ड यांनी २००० साली सुरू केलेली, फुकट वापरता येणारी. खातं उघडावं लागतं, तेवढीच किंमत. दिसायला रुक्ष, नुसते तक्ते, म्हणून शक्यतो मोठ्या स्क्रीनवर बघा. बॉक्सरच्या पानावर प्रत्येक लढतीला एक ओळ: तारीख, प्रतिस्पर्धी, ठिकाण, निकाल, निकालाचा प्रकार, फेरी. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे प्रतिस्पर्ध्याची *त्या दिवशीची* कामगिरी. आजची नव्हे, रिंगमध्ये उतरला तेव्हाची. वादात खरी किंमत याच रकान्याला आहे.

उसिकच्या ओळी या रकान्यावरून खाली वाचत या. ग्लोवाकी २६-०, ब्रिएडिस २३-०, गासिएव २६-०. हे क्रूझरवेट, म्हणजे हेवीवेटच्या खालचा वजनगट. हेवीवेटमध्ये जोशुआ २४-१, फ्युरी ३४-०-१ (तिसरा आकडा अनिर्णित लढतींचा), ड्युबॉ आधी १९-१ आणि दुसऱ्यांदा २२-२. चोवीस लढतींच्या छोट्या कारकिर्दीत असे प्रतिस्पर्धी इतक्या दाटीने क्वचितच दिसतात. यातल्या बऱ्याच लढती प्रतिस्पर्ध्याच्या घरच्या प्रेक्षकांसमोर झाल्या, हे ठिकाणाच्या रकान्यात दिसतं: ग्दान्स्क, रिगा, मॉस्को, लंडन.

हाच रकाना फसवतोही. मार्सियानोच्या यादीत ऑक्टोबर १९५१ ला जो लुईसचं नाव आहे आणि लुईसची कामगिरी कागदावर झळाळती आहे. लुईसच्या नावावर टिचकी मारा: वय ३७, आणि त्यानंतर एकही लढत नाही. लॅरी होम्सच्या यादीतला १९८० चा अली तसाच, ३८ वर्षांचा आणि दोन वर्षं रिंगबाहेर राहिलेला. म्हणून नियम एकच: नाव मोठं दिसलं की त्याचं पान उघडायचं, वय बघायचं आणि पुढच्या दोन-तीन ओळी बघायच्या.

वयाचा हिशेब दुसऱ्या बाजूनेही लावावा लागतो. जुन्यांची कामगिरी शेवटपर्यंतची असते, चालू बॉक्सरची अर्धवट. उसिकने ड्युबॉला वेम्ब्लीत पाचव्या फेरीत झोपवलं तेव्हा, जुलै २०२५ मध्ये, तो ३८ वर्षांचा होता. तर मग सगळ्यांना अडतिसाव्या वाढदिवसापाशीच थांबवा. अलीचं ५६-५ होतं ५६-३. (दोघांचाही वाढदिवस १७ जानेवारी, म्हणून ही रेघ मारायला अगदी सोपी.) इव्हँडर होलिफील्डचं ४४-१०-२ बघून लोक नाक मुरडतात, पण दहा पराभवांपैकी सहा अडतिशीनंतरचे. तिथे कापलं की उरतं ३७-४-१, आणि हा माणूस एकदम वेगळा दिसायला लागतो. साइट हे कापून देत नाही. कागद-पेन्सिल घ्यावी लागते.

नॉकआउटची टक्केवारी ही दुसरी लबाड गोष्ट. उसिकचे २४ पैकी १५ म्हणजे ६२.५ टक्के. वजनगटानुसार फोडा: क्रूझरमध्ये १६ पैकी १२, हेवीवेटमध्ये ८ पैकी ३. त्या तिनातली विदरस्पूनची लढत 'आरटीडी ७' आहे, म्हणजे सातव्या फेरीनंतर तो स्टूलवरून उठलाच नाही. हेवीवेटमधला उसिक हा नॉकआउटवाला नाही, तो बारा फेऱ्या पायांवर आणि डाव्या हातावर लढत जिंकणारा आहे. ६२.५ या आकड्यात हे कुठेच दिसत नाही.

वजनं बघायला लढतीचं स्वतंत्र पान उघडायचं. 'उसिक छोटा आहे, जुन्या राक्षसांपुढे टिकला नसता' या वाक्याची हवा इथेच निघते. रियाधमध्ये मे २०२४ ला उसिक २२३.५ पौंड, फ्युरी २६२. आता १९७४ ची किन्शासाची लढत काढा: फोरमन २२०, अली २१६.५. म्हणजे ज्या फोरमनच्या धाकाच्या गोष्टी सांगतात, त्याच्यापेक्षा हा 'छोटा' उसिक साडेतीन पौंड जड होता. मार्सियानो तर १८५ च्या आसपास उतरायचा. आजच्या २०० पौंडांच्या मर्यादेत तो क्रूझरवेट ठरला असता. मात्र वजनाचा आकडाही डोळे झाकून घेऊ नये. रियाधच्या वजनकाट्यावर उसिकचा आकडा आधी २३३.५ असा जाहीर झाला होता आणि मग दुरुस्त झाला. त्या दिवशी घाईत काढलेले स्क्रीनशॉट अजून फिरतात.

निकालाच्या ओळीत फक्त दोन-तीन अक्षरं येतात, आणि तिथे सगळ्यात जास्त हातातून निसटतं. रियाधच्या त्याच लढतीपुढे लिहिलंय 'एसडी', म्हणजे तीनपैकी दोन पंच एका बाजूला, एक दुसऱ्या. गुण होते ११५-११२ आणि ११४-११३ उसिकला, ११४-११३ फ्युरीला. नवव्या फेरीत फ्युरी दोरांवर लटपटत होता तेव्हा रेफ्रीने उभ्या उभ्या मोजणी सुरू केली आणि त्या फेरीत एक जादा गुण कापला गेला. ती मोजणी झाली नसती तर ११४-११३ चं ११४-११४ झालं असतं. एक पंच इकडे, एक तिकडे, एक बरोबरीत: लढत अनिर्णित! हे ओळ वाचून कळणार नाही. डिसेंबरच्या परतीच्या लढतीत तिन्ही पंचांनी ११६-११२ दिले, म्हणून पहिल्या ओळीबद्दल आता कुणी फार भांडत नाही.

उलट उदाहरण लेनॉक्स लुईसचं. ४१-२-१ मधला तो शेवटचा '१' मार्च १९९९ चा, होलिफील्डविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये. बहुतेकांच्या डोळ्यांना लुईस स्पष्ट जिंकला होता. एका पंचाने ११५-११३ होलिफील्डला दिले. आणि ते '२' म्हणजे मॅककॉल व रहमान, दोघांचाही वचपा लुईसने नंतर काढला. त्यामुळे उसिकचा शून्य आणि लुईसचे दोन पराभव यांत वाटतो तेवढा फरक नाही.

आणखी मागे गेलात तर 'एनडब्ल्यूएस' दिसेल, म्हणजे वृत्तपत्रांनी दिलेला निकाल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत काही राज्यांत अधिकृत निर्णय द्यायला बंदी होती. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी ज्याला जिंकवलं तो जिंकला. या लढती मुख्य बेरजेत धरू नका. फेऱ्यांचंही तसंच. १९८२ मधल्या मॅन्सिनी-किम लढतीनंतर किमचा मृत्यू झाला आणि पंधराच्या जागी बारा फेऱ्या येऊ लागल्या. अली-फ्रेझर १९७१ चे गुण फेऱ्यांत मोजले आहेत (८-६-१, ९-६, ११-४), ते आजच्या दहा गुणांच्या पद्धतीशी ताडून बघू नये.

आता साइटची सर्वात लोकप्रिय आणि सर्वात टाकाऊ सोय: सर्वकालीन क्रमवारी. संगणकाच्या सूत्रावर चालते आणि सूत्र बदललं की मेलेली माणसंही वर-खाली होतात. २०१६ मध्ये मेवेदर सर्वांत वर गेला, अली खाली. यात अलीने काही केलं नव्हतं. 'बॉक्सरेकवर अमुक नंबर' म्हणणाऱ्याला तारीख विचारा, बहुधा तो अडखळतो. क्रिकेटमध्ये नुसत्या सरासरीवर सचिन-विराट ठरवण्यासारखंच हे.

ओळी नीट वाचल्या तर आमच्या मते उसिक होलिफील्डच्या थोडा वर आणि लेनॉक्स लुईसच्या शेजारी बसतो. उसिक आणि होलिफील्ड दोघं क्रूझरमधून वर आले, पण हेवीवेटमध्ये उसिक हरलेला नाही. अली आणि जो लुईस यांच्या पंक्तीला बसवायला मात्र नुसत्या आठ हेवीवेट लढती आणि तीन मोठी नावं पुरत नाहीत. जो लुईसने सलग २५ वेळा विजेतेपद राखलं. डिसेंबर १९४० ते जून १९४१ दर महिन्याला एकदा. त्यातले कैक भिडू दुय्यम होते हे खरं, पण जूनची ओळ उघडा: बिली कॉन, तेरावी फेरी, नॉकआउट. तीनपैकी दोघांच्या गुणपत्रिकेवर कॉन तेव्हा पुढे होता.