सुनोवर मराठी कविता गाऊन घेताना

स्वतःच्या कवितेला चाल लावून हवी, पण संगीतकार परवडत नाही, अशांची पहिली धाव सध्या सुनोकडे, म्हणजे शब्द दिले की गाणे तयार करून देणाऱ्या एआय साधनाकडे असते. गाणे एकदा तयार करून घ्यायला १० क्रेडिट (वापराचे गुण) लागतात आणि त्यात दोन चाली मिळतात. फुकट खात्यात रोज ५० क्रेडिट असतात, म्हणजे दहा चाली. दहा डॉलरच्या मासिक प्रो योजनेत २५०० मिळतात. चाली झटपट येतात आणि पुष्कळदा कानाला गोडही लागतात. घोळ होतो तो शब्दांत.

सुरुवात कस्टम मोडनेच करावी. साध्या मोडमध्ये विषय दिला की यंत्र स्वतःचेच शब्द रचते, मग तुमची कविता कुठली! कस्टममध्ये गीताच्या चौकटीत कविता देवनागरीतच टाकावी आणि ध्रुवपद व कडव्यांच्या आधी चौकोनी कंसात रोमन लिपीतून कोरस, व्हर्स असे लिहावे. ही खूण नसेल तर ध्रुवपद नेमके कुठले ते त्याला कळत नाही, आणि तिसऱ्या कडव्याला भलतीच चाल लागते.

मुक्तछंद जसाच्या तसा देऊ नये. एक ओळ नऊ मात्रांची आणि पुढची बावीसची असेल, तर लांब ओळ कोंबून म्हटली जाते आणि आखूड ओळीत स्वर उगाच ताणले जातात. आठ-आठ मात्रांचे दोन तुकडे असलेली ओळ सर्वात सुखरूप, कारण ती केरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात, आपोआप बसते. सहाच्या आवर्तनाला दादरा ताल मागावा. सातचे आवर्तन बहुधा चारात ओढले जाते. अक्षरगणवृत्तांचा तर नाद सोडा. लघु-गुरूंचा विधिनिषेध यंत्राला नाही.

उच्चार हिंदी वळणाचे होतात. ‘वाटेवरती चांदणे निळे’ ही ओळ घ्या. मात्रा सोळा, हिशेब चोख. पण ‘चांदणे’मधला च ‘चंद्रा’तल्यासारखा लागतो आणि ‘निळे’चे ‘निले’ होते. च साठी गीतात ‘त्सांदणे’ लिहावे, ‘जुना’साठी नुक्ता देऊन ‘ज़ुना’, ‘ज्ञान’साठी ‘द्न्यान’. दिसायला ओंगळ, ऐकायला बरे. ळ ला मात्र खात्रीचा उपाय नाही. स्वर लांबतो त्या जागी हा दोष उघडा पडतो, म्हणून ओळीच्या शेवटी ळ नको. ‘निळे चांदणे’ केले तरी मात्रा आठच राहतात आणि शेवट ‘णे’वर येतो, यमक तेवढे पुन्हा जुळवावे लागते. एखादाच शब्द बिघडला असेल तर सगळे गाणे फेकू नये, सशुल्क खात्यात तेवढाच भाग बदलता येतो.

शैलीच्या चौकटीत नुसते ‘मराठी’ लिहून भागत नाही, गाणे हिंदी चित्रपटाकडे झुकते. वाद्ये, लय, आवाज नेमके सांगावेत: हार्मोनियम, तबला, संथ लय, स्त्रीचा आवाज, कमी वाद्यमेळ. नको त्या गोष्टींसाठी वेगळी जागा आहे, तिथे इलेक्ट्रॉनिक ड्रम टाकावेत. रागाचे नाव दिल्याने छटा येते, राग टिकेलच असे नाही. यमनात मध्यम तीव्र हवा, पण यमन मागितला तरी मध्येच शुद्ध मध्यम डोकावतो.

भावगीत, पाळणा, बालगीत, शाळेचे स्वागतगीत यांना सुनो चांगले. लावणीत ढोलकी वाजते पण ठसका येत नाही, आणि अभंगाचा भजनी ठेका दोन ओळींत पॉपकडे घसरतो.

हक्कांचेही पाहून घ्यावे. फुकट खात्यातले गाणे कमाईसाठी वापरता येत नाही, आणि नंतर पैसे भरले तरी त्या जुन्या गाण्याला तो परवाना मिळत नाही. ज्यातून पैसे मिळवायचे ते गाणे वर्गणी चालू असतानाच तयार करावे. दुसऱ्याची कविता घ्यायची तर कवीच्या निधनानंतरची ६० वर्षे उलटली आहेत का ते आधी तपासा. नसतील तर कवीची किंवा हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते, मग चाल यंत्राने लावलेली का असेना.